रोग गाडीत बसून येतो

१८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचे नाव देशभर झाले. भारतातल्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू आढळल्याची ती पहिली नोंद. त्याआधीपासूनच तिथल्या शेडमध्ये मर लागलेली होती, पण ती मानमोडीची असावी असा सुरुवातीचा समज होता. तो समज अगदीच निराधार नव्हता. मानमोडी पोल्ट्रीवाल्याच्या जुन्या ओळखीची. तिची लस ठाऊक, तिच्या तडाख्यातून बॅच कशी सावरायची याचे आडाखेही ठाऊक. अचानक मर, हिरवट हगवण, अंड्यांत एकदम घट, श्वासाची घरघर ही लक्षणे दोन्ही रोगांत इतकी मिळतीजुळती की अनुभवी पशुवैद्यकालाही नुसत्या नजरेने छातीठोकपणे सांगता येत नाही. प्रयोगशाळेचे उत्तर येईपर्यंत मधे काही दिवस जातातच. त्या दिवसांत फार्मवर काय काय आत आले आणि काय काय बाहेर गेले, यावर पुढचे सगळे ठरते. हे पुस्तक त्या मधल्या दिवसांबद्दल आहे आणि त्याहून अधिक त्याच्याही आधीच्या, सगळे सुरळीत चालू असतानाच्या दिवसांबद्दल आहे.

नवापुरात त्यानंतर जे झाले ते पाहणारे अजून विसरलेले नाहीत. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली पथके उतरली. ठरवलेल्या परिघातली एकूण एक कोंबडी, शेडमधली आणि घरामागच्या खुराड्यातलीही, मारून चुन्याच्या खड्ड्यांत पुरली गेली. मार्चमध्ये जळगाव जिल्हा, मग मध्य प्रदेशातले बुऱ्हाणपूर. त्या साथीत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश मिळून सुमारे १० लाख पक्षी नष्ट करावे लागले. रेल्वेने जेवणातून चिकन काढून टाकले, देशभर अंड्या-कोंबडीचे भाव कोसळले आणि ज्यांच्या शेडपासून रोग हजार किलोमीटर दूर होता त्यांचेही कंबरडे मोडले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, आणि त्याच हंगामात, फेब्रुवारीत, बर्ड फ्लू पुन्हा नवापूरच्या पोल्ट्रीत उभा राहिला. पंधरा वर्षांनी, त्याच गावात.

याला दैव म्हणून सोडून देता येणार नाही. नवापूरचा नकाशा समोर ठेवला तर या रोगाला हवे असलेले जवळजवळ सगळे एका नजरेत दिसते. अंड्यांच्या कोंबड्यांचे मोठमोठे फार्म एकमेकांना चिकटून उभे आहेत. धुळे-सुरत महामार्ग गावाला लागून जातो आणि अंड्यांच्या गाड्यांची ये-जा त्यावर बारमाही असते. राज्याची हद्द गावातूनच जाते, इतकी की रेल्वे स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. पलीकडे थोड्या अंतरावर उकाईचा अफाट जलाशय, आणि सभोवतीच्या पाड्यांवर घरोघर गावठी कोंबड्या. यातली कोणतीही गोष्ट गुन्हा नाही. पाणी, रस्ता, बाजारपेठ आणि शेजार, धंदा जिथे वाढतो तिथे हे असणारच. म्हणूनच रोखण्याची जागा नकाशावर शोधून भागत नाही, ती फार्मच्या फाटकाशी शोधावी लागते.

बर्ड फ्लूची बातमी आली की आपण पहिल्यांदा आभाळाकडे बघतो. स्थलांतरित पक्ष्यांनी रोग आणला, असे म्हणून मोकळे होतो. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. इन्फ्लुएंझा ए हा विषाणू मूळचा पाणपक्ष्यांचा. रानबदकांच्या आतड्यात तो पिढ्यान्‌पिढ्या राहत आला, बहुतेक वेळा त्यांना काहीही न करता. त्याच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिने असतात, एच आणि एन. त्यांच्या प्रकारांवरून एच५एन१, एच५एन८, एच९एन२ अशी नावे पडतात. हा विषाणू कोंबडीच्या पेशीत शिरायला एच प्रथिन एका ठरावीक जागी कापले जावे लागते. सौम्य जातीत ते कापणारी विकरे फक्त श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात, म्हणून रोग तिथपुरता राहतो. एच५ आणि एच७ या गटांतले विषाणू मात्र हजारो कोंबड्यांच्या गर्दीत एकीकडून दुसरीकडे फिरता फिरता बदलू शकतात. त्या कापण्याच्या जागी असा फरक पडतो की शरीरातल्या कुठल्याही अवयवातले विकर ते काम करू लागते. मग हृदय, मेंदू, यकृत, काहीच सुटत नाही. तुरा निळा पडतो, डोके सुजते, नळीवर रक्ताचे डाग उमटतात, आणि पुष्कळदा एवढेही दिसायच्या आत पक्षी मरून पडतो. सौम्य विषाणूचे हे मारक रूप रानात क्वचित तयार होते. ते तयार व्हायला गर्दी लागते, आणि ती गर्दी आपण उभी केलेली असते.

आजच्या मारक एच५एन१ चा वंश १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांत सापडलेल्या विषाणूपर्यंत जातो. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ माणसांना त्याची लागण झाली आणि त्यातली ६ दगावली. तिथल्या सरकारने शहरातली सगळी कोंबडी मारून टाकली. मुळात पाळीव पक्ष्यांत वाढलेला हा विषाणू पुढे रानपक्ष्यांत परत गेला. २००५ मध्ये चीनच्याच छिंगहाई सरोवरावर पट्टकादंब हंस हजारोंनी मेले आणि त्यानंतर तो विषाणू आशिया ओलांडून युरोप, आफ्रिकेत पोचला. म्हणजे आज ज्या पक्ष्यांना आपण बोल लावतो, त्यांना हा रोग माणसाच्या पोल्ट्रीकडूनच मिळाला. २०२० च्या अखेरीस हिमाचलच्या पोंग जलाशयावर मरून पडलेले पट्टकादंब पाहिले की हे फार जाणवते. त्या पक्ष्यांचे काही चुकलेले नव्हते.

तरीही सावध राहायचे ते हिवाळ्यातच, आणि त्यालाही कारण आहे. विष्ठेतला हा विषाणू ३७ अंश सेल्सिअसला सहा दिवस तग धरतो, तर ४ अंशांना ३५ दिवसांहून जास्त. वैशाखातले ऊन आपल्या बाजूने असते, पौष-माघातली थंडी त्याच्या बाजूने. त्याच महिन्यांत जायकवाडी, उजनी, नांदूरमध्यमेश्वर पाहुण्या बदकांनी भरलेली असतात. नवापूर फेब्रुवारीत, पश्चिम बंगाल २००८ च्या जानेवारीत, मुरुंबा जानेवारीत, उदगीरचे कावळे २०२५ च्या जानेवारीत. ही यादी पाहून निदान एवढे ठरवता येते की फार्मवरची ढिलाई परवडणार नाही असे महिने कोणते.

रानबदक सहसा शेडमध्ये येत नाही. त्याचे येते ते पाणी. आपल्याकडे आता प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी गावोगाव झाली आहेत, आणि शेततळे भरले की त्यावर बदके, बगळे उतरतात. त्याच तळ्याचे पाणी मोटर लावून वरच्या टाकीत आणि टाकीतून थेट निपलला जात असेल, तर तलावावरचा पक्षी शेडमधल्या प्रत्येक कोंबडीच्या चोचीशी आला असेच समजायचे. अशा पाण्यात क्लोरीन घातल्याशिवाय ते पक्ष्यांना देऊ नये, आणि टाकीला झाकण हवे. दुसरा दुवा गावातल्याच पाखरांचा. तलावावर आणि शेडवर दोन्हीकडे वावरणारे कावळे, साळुंक्या, चिमण्या, गायबगळे. शेडची जाळी फाटलेली असते, खाद्याच्या गोणीतून सांडलेला मका दाराशी पडलेला असतो आणि पाखरे तो टिपायला येतात. सांडलेले खाद्य रोज झाडून काढणे हे जैवसुरक्षेतले सगळ्यांत स्वस्त काम आहे, आणि ते सगळ्यांत कमी होते.

इथपर्यंत झाली विषाणू जिल्ह्यात, तालुक्यात येण्याची गोष्ट. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये मात्र तो बहुतेक वेळा आपल्याच माणसांबरोबर, आपल्याच गाडीत बसून जातो. या पुस्तकाचा मोठा भाग त्याच प्रवासाला दिलेला आहे आणि मला तो योग्य वाटतो.

अंड्यांचा ट्रे हातात घेऊन पाहावा. कागदी लगद्याचा, ३० खळग्यांचा, बाजारातून परत आलेला. एखाद्या खळग्यात फुटलेल्या अंड्याचा बलक वाळून चिकटलेला असतो, कडेला विष्ठेचा करडा डाग, तळाशी एखादे बारीक पीस. हा ट्रे गेल्या आठवड्यात कोणाच्या फार्मवर होता हे कोणालाच माहीत नसते. व्यापाऱ्याच्या गोदामात वीस फार्मचे ट्रे एकत्र होतात आणि गठ्ठे बांधून पुन्हा वीस दिशांना जातात. कागद धुता येत नाही. प्लॅस्टिकचा ट्रे जंतुनाशकात बुडवून, घासून, उन्हात वाळवता येतो, पण त्याला पैसे पडतात आणि तो परत येईलच याची खात्री नसते, म्हणून पुष्कळ जण कागदीच चालू ठेवतात. ज्याला प्लॅस्टिक परवडत नाही त्याने निदान जुना ट्रे शेडच्या आत नेऊ नये. अंडी शेडमधून स्वतःच्या ट्रेमध्ये आणावीत आणि व्यापाऱ्याच्या ट्रेमध्ये ती फाटकाजवळच्या खोलीत भरावीत. एवढ्याशा बदलाला खर्च फक्त थोड्या मजुरीचा.

ब्रॉयलरच्या धंद्यात हीच जागा लिफ्टिंगची. साधारण चाळीस दिवस शेतकऱ्याने जिवापाड जपलेली बॅच, आणि रात्री-पहाटे उचलायला येते ती अनोळखी माणसांची टोळी. त्यांनी संध्याकाळी दुसऱ्या गावातला फार्म रिकामा केलेला असतो. कपडे तेच, चपला त्याच, क्रेटला आधीच्या कोंबड्यांची विष्ठा लागलेली. शेडमध्ये शिरतात, दोन्ही हातांत पाय धरून कोंबड्या उलट्या लटकवतात, काट्यावर चढवतात, गाडीत भरतात. सगळा माल एकाच रात्री गेला तर एक वेळ धोका कमी, कारण मागे काही उरत नाही. पण बाजार मंद असला की अर्धा माल आज, उरलेला चार दिवसांनी असे होते, आणि टोळीने आत सोडलेले जे काही असेल ते उरलेल्या अर्ध्यांत वाढायला मोकळे. ड्रायव्हर सहीसाठी ओसरीवर येतो, चहा घेतो, शेडच्या दारात डोकावतो. शेतकऱ्याला त्याला अडवणे जड जाते. घरी आलेल्याला बाहेर उभे ठेवणे आपल्या रीतीत बसत नाही, आणि माल वेळेवर उचलला जाणे त्याच्याच मर्जीवर असते. लिफ्टिंगच्या टोळीला फार्मचे गमबूट आणि अंगरखे देणे, क्रेट धुऊनच आत घेणे हा नियम शेतकऱ्याने एकट्याने लावायचा म्हटले तर लागणार नाही. ज्या कंपन्या करारावर पक्षी देतात त्यांनी तो आपल्या अटींत घातला पाहिजे. अटी शेतकऱ्यासाठी पानेच्या पाने असतात. कंपनीच्या गाडीसाठीही दोन ओळी असू द्याव्यात.

आणखी एक जागा आहे, तिच्याबद्दल बोलायला मालकांना संकोच वाटतो. शेडवर राबणाऱ्या मजुराच्या झोपडीमागे चार गावठी कोंबड्या असतात. मालकाला त्या दिसतात, पण गरिबाच्या पोटावर पाय नको म्हणून तो गप्प बसतो. या कोंबड्या आठवडे बाजारातून येतात, ओढ्याकाठी चरतात, आणि मजूर सकाळी त्यांना दाणे टाकून त्याच पायांनी दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये जातो. यावर उपाय रागावण्याचा नाही. मजुराला घरी कोंबड्या पाळू नकोस असे सांगायचे, तर महिन्याला ठरावीक अंडी आणि सणाला पक्षी त्याच्या घरी फार्मने पोचवावा. पगारात धरून हिशेब केला तर ही रक्कम नगण्य आहे.

मेलेल्या पक्ष्यांचे काय होते, हेही सरळ लिहायला हवे. रोजची दोन-चार मर प्रत्येक फार्मवर असते. ती गोणीत भरून नाल्यात, रस्त्याकडेला, गावच्या उकिरड्यावर टाकली जाते. कुत्री ओढतात, कावळे फोडतात आणि पुन्हा कोणाच्या तरी शेडवर बसतात. काही ठिकाणी मेलेला किंवा मरणाला टेकलेला पक्षी अगदी स्वस्तात विकलाही जातो, आणि घेणाऱ्याच्या घरात लहान मुलेही असतात. याला माफी नाही. फार्मच्या आवारात झाकणाचा खड्डा, चुना आणि वर माती, एवढे प्रत्येकाला जमते. तसेच, कोंबडी का मेली हे बघायला तिथल्या तिथे, उघड्या हातांनी, विळ्याने फाडून पाहण्याची सवय सोडावी. बर्ड फ्लूचा पक्षी फाडणे म्हणजे विषाणूची कुपीच उघडणे.

जैवसुरक्षा हा शब्द ऐकला की पुष्कळांना मोठा खर्च, मोठी कंपनी आणि परदेशी यंत्रे आठवतात. तिचे मूळ अगदी साधे आहे. फार्मवर एक रेघ मानायची. रेघेच्या अलीकडे जग, पलीकडे पक्षी. रेघ ओलांडताना पायातले बदलायचे, अंगावरचे बदलायचे, हात धुवायचे, आणि ज्याला ओलांडण्याचे काम नाही त्याने ओलांडायची नाही. शेडच्या दारात गुडघाभर उंचीचा आडवा बाक टाकला तरी रेघ तयार होते. बाहेरच्या चपला बाकाच्या अलीकडे काढायच्या, पाय वर घेऊन पलीकडे वळायचे आणि शेडचे गमबूट चढवायचे. डेन्मार्कच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत कुठल्याही सुताराकडून अर्ध्या दिवसात करून घेता येते.

फुटबाथबद्दल मात्र थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडच्या जैवसुरक्षेचे बळ आणि दुबळेपणा दोन्ही त्यात दिसतात. बहुतेक फार्मवर दाराशी सिमेंटचा उथळ हौद असतो. अधिकारी येणार म्हटले की त्यात जंतुनाशक पडते. एरवी त्यात पावसाचे पाणी, तूस, माती आणि विष्ठेचा गाळ साचलेला असतो आणि त्यात पाय बुडवून आत जाणारा माणूस बाहेरचे नाही तर हौदातलेच आत घेऊन जातो. जंतुनाशकाचा जोर घाणीने मरतो. आधी ब्रशने तळवा घासून चिखल काढायचा, मग बुडवायचा, औषधाला काम करायला वेळ द्यायचा, रोज पाणी बदलायचे, आणि हौदावर छप्पर हवे म्हणजे ऊन-पाऊस लागणार नाही. हे होणार नसेल तर हौद बुजवून टाकावा आणि फक्त चपला बदलण्याचा नियम कडक पाळावा. दोनपैकी मी केव्हाही चपलांवर विश्वास ठेवीन. हा विषाणू तसा नाजूक आहे. त्याच्यावर चरबीचे पातळ आवरण असते आणि साबणाने, सोड्याच्या द्रावणाने, ब्लीचिंगने ते फुटते. त्याला जे वाचवते ते घाणीचे कवच. म्हणून धुणे आधी, औषध नंतर. हा क्रम उलटला की औषधाचे पैसे वाया जातात.

लेअर फार्मची एक अडचण याहून अवघड आहे. ब्रॉयलरचे शेड दर बॅचनंतर रिकामे होते, धुतले जाते, चुना मारून काही दिवस मोकळे ठेवता येते. अंड्यांची कोंबडी मात्र दीड वर्षाच्या आसपास शेडमध्ये असते, आणि फार्मवर एकाच वेळी पिल्ले, तलंगा, चालू अंड्यावरच्या आणि थकलेल्या अशा सगळ्या वयाच्या कोंबड्या नांदत असतात. असा फार्म कधीच पूर्ण रिकामा होत नाही, त्यामुळे आत शिरलेल्या रोगाला मुक्काम मिळतो. निदान पिल्लांचे शेड वेगळ्या माणसाकडे, वेगळ्या अंतरावर, आणि कामाचा क्रम नेहमी लहानांकडून मोठ्यांकडे, एवढे तरी पाळता येते. खत विकण्याची वेळही पाहावी. द्राक्षाच्या, उसाच्या हंगामात कोंबडखताच्या ट्रॉल्या पोल्ट्रीच्या आवारात थेट येतात. खत पुरेसे कुजवून, आवाराबाहेर आणून दिले तर ट्रॉलीचे चाक आत येण्याचे कारणच उरत नाही.

आता तक्रारीचा विषय. मर वाढली की कायद्याने मालकाने खबर दिलीच पाहिजे. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवरचा २००९ चा केंद्रीय कायदा तसे बंधन घालतो. तरी माणसे थांबतात, दोन दिवस बघू म्हणतात, आणि काही जण त्या दोन दिवसांत उरलेला माल विकून मोकळे होतात. त्यांना दोष देण्याआधी त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. खबर दिली की एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी जाणार, दहा किलोमीटरपर्यंत निगराणी, शेड महिनोन्‌महिने रिकामे, बँकेचा हप्ता मात्र चालू. भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. जे पक्षी पथक येण्याआधीच मेले त्यांचे काही नाही. म्हणून खबर लवकर देण्यात शेतकऱ्याचाच फायदा असतो, पण हे त्याला साथीच्या आधी, शांत वेळी, कोणी समजावून सांगत नाही. करारावरच्या शेतकऱ्याचे आणखी वेगळे. पक्षी कंपनीचे, शेड आणि घाम त्याचा, त्यामुळे पक्ष्यांवर बांधलेल्या भरपाईत त्याच्या रिकाम्या महिन्यांना जागाच सापडत नाही. भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळणे हादेखील जैवसुरक्षेचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. शेतकऱ्याचा शासनावर भरवसा नसेल तर विषाणूला लपायला जागा मिळते.

परसातल्या कोंबड्यांना मोठ्या फार्मचे नियम लावून चालणार नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटींवर कोंबड्या-बदकांपैकी सुमारे ३२ कोटी परसातल्या होत्या, आणि त्या बहुतेक बायकांच्या हातखर्चाच्या. पश्चिम बंगालमध्ये २००८ साली बीरभूमपासून रोग पसरला तो अशाच घराघरांतून, आणि ४० लाखांवर पक्षी मारावे लागले. कोंबडी मुलांच्या हातून ओढून घ्यावी लागली की काय होते, ते तिथे काम केलेल्या पथकांना विचारावे. नंदुरबारच्या पाड्यावरची आजीबाई बाक टाकणार नाही, गमबूट घालणार नाही. पण बाजारातून आणलेली नवी कोंबडी आधी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवायची, संध्याकाळी सगळ्या खुराड्यात कोंडायच्या, बदके आणि कोंबड्या एकत्र ठेवायच्या नाहीत आणि मेलेली कोंबडी शिजवायची नाही, हे ती करू शकते. हे तिला कोणी तिच्या बोलीत सांगायला मात्र हवे.

माणसाच्या जिवाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याच्या भीतीनेच आजवर सर्वाधिक गोंधळ झाला आहे. नीट शिजवलेले चिकन आणि अंडी खाऊन बर्ड फ्लू होत नाही. मांस आतपर्यंत ७० अंशांना शिजले की विषाणू मरतो, आणि आपल्या घरचा रस्सा त्याहून कितीतरी जास्त उकळतो. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळणाऱ्यांना. २००३ पासून जगभरात ९०० हून अधिक माणसांना एच५एन१ झाल्याची नोंद आहे आणि त्यातली जवळपास निम्मी दगावली. भारतात २०२१ साली हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा दिल्लीत या रोगाने गेला. सौम्य गटातल्या एच९एन२ ची देशातली पहिली मानवी लागण २०१९ मध्ये मेळघाटातल्या एका तान्ह्या मुलात पुण्याच्या विषाणू संस्थेने शोधली. ते बाळ बरे झाले. आणि २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने मेले. अमेरिकेत त्याच वर्षी तो दुभत्या गाईंच्या कासेपर्यंत पोचला होता. पक्ष्यांचा विषाणू सस्तन प्राण्यांत शिरायला शिकतो आहे, आणि त्याला शिकण्याची जितकी संधी कमी द्यावी तितके बरे. लस हा याचा सोपा मार्ग वाटतो. फ्रान्सने २०२३ पासून बदकांना ती देणे सुरू केले आहे. लसीने मर थांबते, पण लागण पूर्ण थांबेलच असे नाही, आणि कडक तपासणी मागे नसेल तर रोग दिसेनासा होऊन फिरत राहतो. लस आली तरी फाटक उघडे ठेवता येणार नाही.

हे पुस्तक पोल्ट्रीवाल्याने, सुपरवायझरने, अंड्यांच्या व्यापाऱ्याने आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरने वाचावे, शक्यतो एकत्र बसून. त्यातली सगळी प्रकरणे एकदम अमलात येणार नाहीत. वाचकाला माझी विनंती एवढीच की दोन गोष्टी आजच सुरू कराव्यात. शेडच्या चपला वेगळ्या करा. आणि दाराशी एक वही टांगा, तिच्यात रोजची मर, खाद्य, पाणी आणि अंडी लिहा. नेहमीपेक्षा मर अचानक वाढली किंवा पाणी-खाद्य एकदम उतरले, तर गाडी थांबवा, माल विकू नका आणि त्याच दिवशी दवाखान्याला फोन करा.